व्हिसाची उलटी उचल : मराठवाड्यातील आठही जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली

महोदय आणि महोदया, सप्रेम नमस्कार.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त झालो तरी जुनी पोरं फोन करतात, आणि अलीकडे त्या फोनचा विषय बहुधा एकच असतो. “सर, जर्मनीचं एक आलंय, पैसे भरू का?” कुणाचं जर्मनी, कुणाचं जपान, नर्सिंग झालेल्या मुलींचं इंग्लंड. मी मला कळतं तसं उत्तर देतो. पण हे उत्तर देणं खरं तर सरकारी यंत्रणेचं काम आहे, आणि जिल्ह्याची कौशल्य विकास समिती आपल्याच अध्यक्षतेखाली चालते. म्हणून हे पत्र आपल्याला.

पोरांनी परदेशी जाऊ नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. जावं. वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत गुत्तेदाराच्या हाताखाली वर्षानुवर्षं कंत्राटी राहण्यापेक्षा भाषा शिकून बाहेर पडलेलं बरं. तिकडे माणसं हवी आहेत हेही खरं. जर्मन सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांना द्यायच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या राज्याने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि १० हजार तरुणांचा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत आला. आणि आपली पोरं काही कच्ची नाहीत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून निघालेला पोरगा जगातल्या कुठल्याही मशीनसमोर उभा राहतो. मागणी खरी आहे, हातही खरे आहेत. घोळ आहे तो मधल्या व्यवहारात.

मालकाच्या हमीवर मिळणारा व्हिसा चालतो कसा, ते आधी थोडक्यात सांगतो. तिकडच्या कारखान्याला किंवा रुग्णालयाला गावात माणूस मिळत नाही. तो मालक तिथल्या सरकारकडे जाऊन सांगतो की अमुक देशातला अमुक माणूस मी अमुक पगारावर, अमुक कामाला घेतोय. सरकार पगार तपासतं, काम तपासतं, आणि मग माणसाला व्हिसा देतं. गरज मालकाची, हमी मालकाची, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटाही मालकानेच उचलायचा, ही यामागची रीत आहे. इंग्लंडमध्ये मालक जे प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र देतो, ज्याला सगळे सीओएस म्हणतात, त्याची फी कामगाराकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. कौशल्य शुल्क म्हणून मालक तिथल्या सरकारकडे भरतो ती रक्कमही कामगाराच्या माथी मारता येत नाही. कामगाराने भरायचं ते स्वतःच्या व्हिसाचं आणि आरोग्य अधिभाराचं, तेही मालकाने दिलं नाही तर. जर्मनीत व्हिसाचं काम लवकर व्हावं म्हणून मालक तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात वेगळा अर्ज करू शकतो. त्याची फी ४११ युरो, म्हणजे आपल्याकडचे चाळीस हजारांच्या आसपास. परिचारिका नेणाऱ्या संस्थांना तिथलं सरकार ‘न्याय्य भरती’ची मोहोर देतं, आणि त्या मोहोरेची अटच आहे की भरतीचा खर्च मालकाने करायचा. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले, तेसुद्धा मालकाने भरायचे. (तो पुण्यातल्या आयटीवाल्यांचा प्रश्न. आपल्या फिटरचं त्याने काही अडत नाही, पण त्याचीही भीती आता इथले एजंट दाखवतात : “रेट वाढायच्या आत भरून टाका.”)

आता आपल्या तालुक्याच्या बसस्टँडसमोर या. पहिल्या मजल्यावर कन्सल्टन्सी, बाहेर युरोपातल्या बर्फाचा फ्लेक्स. फाईल चार्ज, भाषेचा क्लास, डॉक्युमेंट, ‘कंपनीला द्यायचे’, असं करत करत आकडा काही लाखांत जातो. बापाने कुठून आणायचे? सोसायटीचं कर्ज आधीच थकलेलं असतं. मग सावकार, आणि सावकार तारण म्हणून एकराचं खरेदीखत करून घेतो.

बीडच्या साहेबांना उचल समजावून सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, उचल म्हणून आगाऊ रक्कम देतो, जोडपं कारखान्यावर जातं, आणि उचल फिटेपर्यंत त्या मुकादमाला सोडता येत नाही. हंगाम संपला तरी अंगावर राहिलंच तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच फड. या व्हिसाच्या धंद्यात तेच आहे, फक्त उलटं. इथे मजूरच मुकादमाला उचल देतो, आणि तरी बांधला जातो मजूरच. व्हिसावर मालकाचं नाव असल्यामुळे नोकरी सोडली तर तिथे राहण्याचा हक्क धोक्यात येतो, आणि गावाकडे व्याज चालू असल्यामुळे परतही येता येत नाही. पगार ठरल्यापेक्षा कमी दिला, खोलीचं भाडं दुप्पट कापलं, फिटर म्हणून नेऊन गोदामात खोकी उचलायला लावली, तरी पोरगं गप्प राहतं. घरी फोनवर “मजेत आहे” म्हणतं. कारण त्याच्या शब्दावर एक एकर टांगलेलं असतं.

इंग्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. वृद्धांची देखभाल करायला २०२२ पासून परदेशातून माणसं घ्यायला परवानगी दिली आणि कागदोपत्री संस्थांचं पेव फुटलं. सीओएस लाखोंना विकली गेली. माणूस तिथे पोहोचल्यावर कळायचं की संस्थेकडे काम नाहीच, असलं तर आठवड्याला थोडे तास. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने देखभाल क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. त्यांच्याशी जोडलेले कामगार ३९ हजारांहून अधिक होते. परवाना गेला मालकाचा, पण नवा मालक शोधायला कामगाराला साधारण ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत, परक्या देशात, फसवणुकीच्या धक्क्यातून सावरत दुसरी नोकरी शोधायची, नाही तर परत फिरायचं. शेवटी २२ जुलै २०२५ पासून देखभाल कामगारांची परदेशातून नवी भरतीच त्यांनी बंद केली, आणि कुशल कामगारांसाठीची किमान पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर नेली. इतकं झालं, तरी आपल्याकडचे ‘यूके केअर’चे फलक उतरलेले नाहीत. एखाद्या शिकाऊ तलाठ्याला पाठवून पाहणी करा, तासाभरात दिसेल.

सगळे देश एकसारखे वागतात असंही नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून नोकरी सुटलेल्या कामगाराला नवा मालक शोधायला एका वेळी १८० दिवस दिले. जर्मनीत कुशल कामगार म्हणून गेलेल्याला तीन वर्षांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. जपानच्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ वाटेवर त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. मात्र पहिल्या पायरीवर साधारण पाचच वर्षं राहता येतं आणि बायको-मुलांना नेता येत नाही. कुठल्या देशाचा दरवाजा आत गेल्यावर बाहेरून बंद होतो आणि कुठला नाही, हे पैसे भरायच्या आधी पोराला कळलं पाहिजे. एजंट ते सांगणार नाही. त्याला पगाराचा आकडा सांगायचा असतो, तोही कापाकापीच्या आधीचा. जर्मनीत एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विम्यापोटी साधारण तिसरा हिस्सा जातो, मग भाडं. २,८०० युरो ऐकून बाप रुपयांत गुणाकार करतो आणि सोयरीक जमवायला निघतो. मुलगा जर्मनीला निघालाय म्हटल्यावर पोरीकडचे येतातच. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही त्या गावात तर फारच. व्हिसाच्या आशेवर साखरपुडे झालेले मी पाहिलेत.

आता माझ्या ट्रेडशेजारच्या वर्गाची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त वेल्डरच फसतात. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात आपला कुशल स्थलांतर कायदा टप्प्याटप्प्याने सैल केला. मार्च २०२४ पासून दोन नव्या वाटा उघडल्या. एक, करार हातात घेऊन जायचं आणि प्रमाणपत्राची मान्यता तिथे गेल्यावर मिळवायची. त्याला ए-टू, म्हणजे भाषेच्या दुसऱ्या पायरीची, जर्मन लागते. दुसरी, मान्यतेशिवाय पण अनुभवावर. त्यात गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक किमान पगार लागतो; २०२५ मध्ये तो वर्षाला ४३,४७० युरो होता. दोन्ही वाटांवर एक अट आहे : आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वायरमन यांचे कोर्स दोन वर्षांचे. वेल्डरचा एकच वर्षाचा. प्लंबरचाही. म्हणजे नुसत्या वेल्डरच्या प्रमाणपत्रावर या वाटा बंद आहेत, त्याच्या हाताला कितीही गुण असो. हे आयटीआयच्या प्रवेशाच्या दिवशी सांगायला हवं. कुणी सांगत नाही. मग पोरगं ‘जर्मनीत वेल्डरला लई मागणी’ ऐकून कन्सल्टन्सीत जातं, तिथे त्याचा इसार घेतात, आणि सहा-आठ महिन्यांनी “एम्बसीने रिजेक्ट केलं” म्हणून हात वर करतात. रिजेक्ट होणार हे पहिल्याच दिवशी कागदावर होतं.

तसंच जर्मनीच्या संधी कार्डाचं. जून २०२४ पासून सुरू झालेलं हे कार्ड नोकरी शोधायला जाण्यासाठी आहे. त्याच्यामागे कुठला मालक नसतो. खर्चासाठी खात्यात अडकवून ठेवायचे पैसेच २०२५ मध्ये दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला तेरा हजारांच्या वर. आपल्याकडे ते ‘जॉब व्हिसा’ म्हणून विकतात. पोरगं तिथे उतरतं तेव्हा न्यायला कुणी आलेलं नसतं.

आता कायदा. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, आणि परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या प्रत्येकाला त्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणी केलेल्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना क्रमांक मिळतो, तो कार्यालयात आणि जाहिरातीत ठळक लावायचा असतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. सब-एजंट नेमता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येते. इतकं सगळं असून आपल्या तालुक्यांत जे चालतं ते चालतं, याची दोन कारणं मला दिसतात.

पहिलं असं, की दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची, अट राहत नाही, आणि ती अट लागू असलेले देश १८ आहेत. आखाती देश त्यांत येतात, जर्मनी, जपान आणि इंग्लंड नाही. त्यामुळे आखातात जाणाऱ्या दहावी नापास गवंड्याची नोंद मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात होते, त्याला १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही मिळतो. पण जर्मनीला जाणारा माझा फिटर सरकारच्या कुठल्याच वहीत नसतो. शिकलेला आहे, स्वतःचं पाहून घेईल, असं कायद्याने गृहीत धरलंय. जिंतूर किंवा वसमतच्या पोराने जर्मन भाषेतला चौदा पानी करार कसा पाहून घ्यायचा ते कायद्याने सांगितलेलं नाही. नव्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. तो येईल तेव्हा येईल.

दुसरं कारण आपल्या पोलीस ठाण्यांत आहे. बाप तक्रार घेऊन गेला की “हे दिवाणी आहे, कोर्टात जा” किंवा “दिल्लीची परवानगी लागते” असं सांगून परत पाठवतात. विनानोंदणी भरती हा त्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि कलम २६ प्रमाणे तो दखलपात्र आहे. कलम २७ मध्ये केंद्राच्या मंजुरीची अट आहे हे खरं; पण फसलेल्या माणसाने स्वतः, किंवा त्याच्या आई-वडिलांनी, बायकोने, भावा-बहिणीने तक्रार केली तर ती मंजुरी लागत नाही, हेही त्याच कलमात आहे. अर्धं कलम वाचून बापाला परत पाठवायचं, ही आपल्या ठाण्यांची खोड. दंडाची रक्कम मात्र वाचून हसू येतं : जास्तीत जास्त दोन हजार रुपये. ज्याने एका फाईलचे तीन लाख घेतले त्याला दोन हजार! म्हणून फसवणुकीचं कलमही सोबत लावायला हवं, हे आपण पोलीस अधीक्षकांना एका बैठकीत सांगू शकता.

सावकाराचंही आपल्याच हातात आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ प्रमाणे सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. व्हिसासाठी केलेली खरेदीखतं त्या नजरेने तपासा. कर्ज काढून गेलेल्याची जमीन सुटली तर तिकडे वाईट मालकाला तो ‘नाही’ म्हणू शकेल.

पण सगळ्यात आधी जे थांबवायला हवं ते एजंटांचं काम नाही, आपलं आहे. रोजगार मेळावे. कौशल्य विकास केंद्राचा फलक, आमदारांचा फोटो, आयटीआयचं मैदान, आणि त्यात या कन्सल्टन्सीचा स्टॉल. पोराच्या दृष्टीने तो स्टॉल सरकारी झाला. नंतर पैसे मागताना एजंट त्या दिवसाचा फोटो दाखवतो, प्राचार्यांसोबतचा. परवाना क्रमांक दाखवल्याशिवाय आणि कुठल्या मालकासाठी, कुठल्या गावी, किती पगारावर भरती आहे याचा कागद दिल्याशिवाय एकालाही मैदानात पाऊल टाकू देऊ नका. हा आदेश काढायला मंत्रालयात जावं लागत नाही. आणि कौशल्य विकास केंद्रात आठवड्यातून एक दिवस असा ठेवा की पोराने करार आणावा आणि कुणी तरी तो मराठीत वाचून दाखवावा : हातात किती येणार, कामाचे तास किती, खोली कुणाची, मालक सोडला तर काय, आणि भरतीचा खर्च कुणी द्यायचा. मालकाने द्यायचा असं लिहिलेलं असेल तर एजंटला वेगळे पैसे कशाचे, हा प्रश्न तिथेच पडेल.

शेजारी काय करतात ते पाहायला फार लांब जायला नको. नांदेडच्या साहेबांना धर्माबादहून निजामाबाद दिसतं. निजामाबादकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात जातात, आणि तेलंगणाने टॉमकॉम नावाची सरकारी भरती कंपनीच काढलीय. केरळच्या नोर्काने, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या तिथल्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेशी ‘ट्रिपल विन’चा करार केला, त्यात परिचारिकांना भाषा फुकट शिकवतात आणि नोकरी लावल्याचे पैसे घेत नाहीत. एक पैसा न देता केरळची सिस्टर जर्मनीच्या रुग्णालयात रुजू होते. त्याच रुग्णालयात जाण्यासाठी लातूरच्या सिस्टरने दागिने का मोडावेत? “पैसे दिल्याशिवाय कोण नेतं हो?” असं म्हणणाऱ्या प्रत्येक बापाला मी हे सांगतो. त्यांना ते खरं वाटत नाही. आपल्या सहीने सांगितलं तर वाटेल.

बाडेन-वुर्टेम्बर्गच्या करारातून आपल्या आठ जिल्ह्यांतली किती मुलं भाषा शिकली, किती परीक्षा पास झाली, किती प्रत्यक्ष गेली, हे जिल्हावार जाहीर करावं अशीही विनंती आहे. आकडा लहान असेल तर लहान सांगा. सरकारी वाट चालू आहे की नाही हेच न कळल्यामुळे पोरं बसस्टँडसमोरचा जिना चढतात.

आयटीआयच्या वार्षिक परीक्षा जुलै-ऑगस्टच्या सुमारास होतात आणि निकाल लागला की या मंडळींचे फोन सुरू होतात. त्याआधी प्रत्येक आयटीआयच्या आणि नर्सिंग कॉलेजच्या दारावर नोंदणीकृत एजंटांची यादी, ३५,४०० चा आकडा आणि कलम २४ एवढं मराठीत लागलं पाहिजे. करार वाचून दाखवायला माणूस नाही असं कौशल्य विकास केंद्र कळवणारच. तेव्हा आम्हा निवृत्त निदेशकांना बोलवा. मानधन नको, बसायला खुर्ची आणि एक चालू प्रिंटर द्या.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)